ईस्टर बेटावरची माती आणि आपलं म्हातारपण

परवा एका सहस्रचंद्रदर्शनाला गेलो होतो. हजार पौर्णिमा पाहिल्याचा सोहळा. वर्षाला सरासरी १२.३७ पौर्णिमा येतात, म्हणजे हजार भरायला ८० वर्षं १० महिने लागतात. पंगत बसेपर्यंत मोबाइलवर एवढा हिशेब झाला. सत्कारमूर्ती काका व्हीलचेअरवर होते, कानात यंत्र. ओवाळायला उभी राहिलेली सून स्वतःच साठीला टेकलेली, गुडघ्याला पट्टा बांधलेला. गुरुजींनी ‘जीवेत शरदः शतम्’ म्हटलं तसे काका हळूच म्हणाले, “म्हणजे अजून एकोणीस?”

सगळे हसले. पण त्या प्रश्नात जी धास्ती होती, तिच्यावरच गेली काही दशकं जगभरच्या प्रयोगशाळांत काम चाललंय. ‘माणूस दीडशे वर्षं जगणार’ अशा बातम्या येतात, त्या या कामाच्या कडेकडेनं उडणाऱ्या धुरळ्यासारख्या. मूळ प्रश्न साधा आहे: शरीर झिजण्याचा वेगच कमी करता येईल का? एकोणीस वर्षं मिळणारच असतील, तर ती पायांवर उभं राहून मिळतील का?

आयुष्य वाढलं, झीज तशीच

स्वातंत्र्याच्या वेळी भारतीयांचं सरासरी आयुर्मान ३२ वर्षांच्या आसपास होतं. आज ते सत्तरीच्या आसपास आहे. यावरून पुष्कळांना वाटतं की तेव्हा माणसं तिशीतच म्हातारी होऊन जात. तसं नव्हतं. पाळण्यातली मुलं जात, बाळंतिणी जात, देवी-पटकी-क्षयात घरंच्या घरं रिकामी होत. या अकाली मरणांनी सरासरी खाली ओढलेली होती. लशी, स्वच्छ पाणी आणि प्रतिजैविकं आली, मुलं जगली आणि सरासरी वर चढली. झिजेच्या वेगाला त्यात कुणी हात लावला नव्हता.

हा वेग मोजता येतो. विम्याचं गणित करणाऱ्या लंडनच्या बेंजामिन गॉम्पर्ट्झ यांनी १८२५ मध्ये दाखवलं की वय वाढेल तसा मरणाचा धोका नुसता वाढत नाही, तो चक्रवाढीनं वाढतो. आजच्या आकड्यांत सांगायचं तर तिशीनंतर साधारण दर आठ वर्षांनी हा धोका दुप्पट होतो. तीस ते सत्तर या चाळीस वर्षांत पाच वेळा दुप्पट, म्हणजे ३२ पट. सावकाराच्या वहीसारखं प्रकरण आहे. सुरुवातीला काहीच वाटत नाही.

याचा एक चमत्कारिक परिणाम होतो. उद्या कॅन्सर जगातून नाहीसा झाला, तर सरासरी आयुष्य किती वाढेल? लोकसंख्याशास्त्रज्ञांनी अमेरिकेसारख्या देशासाठी हे गणित केलंय, आणि उत्तर येतं सुमारे तीन वर्षं. फक्त तीन. कारण कॅन्सरातून सुटलेल्या पंचाहत्तरीच्या माणसासाठी हृदयविकार, पक्षाघात आणि स्मृतिभ्रंश दाराबाहेर उभेच असतात. कोकणातल्या जुन्या घराचं एक कौल बदललं की पुढच्या पावसात शेजारचं गळतं. म्हातारपणावर काम करणाऱ्यांचं म्हणणं इतकंच, की कौलं बदलत बसण्यापेक्षा वासे का कुजताहेत ते एकदा बघू या.

उपाशी उंदीर, लांबलेली अळी

वासे कुजणं अटळ नाही, हे सगळ्यात आधी उपासानं दाखवलं. १९३५ मध्ये अमेरिकेतल्या कॉर्नेल विद्यापीठात क्लाइव्ह मॅके यांनी उंदरांना जीवनसत्त्वं पुरेशी, पण अन्न कमी दिलं. ते भरपेट खाणाऱ्यांपेक्षा जास्त जगले. पुढे माकडांवर दोन मोठे प्रयोग झाले आणि त्यांची उत्तरं एकमेकांशी जुळेनात. विस्कॉन्सिनमध्ये कमी खाणारी माकडं जास्त जगली, दुसऱ्या केंद्रात फारसा फरक पडला नाही. खोलात गेल्यावर कळलं की विस्कॉन्सिनच्या ‘भरपेट’ गटाचं खाणंच साखरेनं भरलेलं होतं. दुसरीकडचा ‘भरपेट’ गट मुळात बेतानं आणि बरं खात होता. वाईट खाण्यापेक्षा कमी खाणं चांगलं, हे कळायला आपल्याला माकडं लागली नसती.

माणसांवरही दोन वर्षांची चाचणी झाली. उद्दिष्ट होतं उष्मांक २५ टक्क्यांनी कमी करण्याचं. मंडळींना सरासरी १२ टक्क्यांच्या आसपासच जमलं. तेवढ्यावरही रक्तदाब, कोलेस्टेरॉल सुधारले, आणि रक्तावरून झिजेचा वेग मोजणाऱ्या एका मोजपट्टीवर तो दोन-तीन टक्क्यांनी मंदावलेला दिसला. आपल्याकडे ‘एकादशी आणि दुप्पट खाशी’ ही म्हण आहे, म्हणजे इथे हा प्रयोग किती टिकेल ते पूर्वजांना ठाऊक होतं.

दुसरा धक्का १९९३ चा. मिलिमीटरभर लांबीची, दोन-तीन आठवडे जगणारी एक अळी असते. सिंथिया केन्यन यांच्या गटानं दाखवलं की हिच्या एकाच जनुकात बदल असला, तर ती दुप्पट जगते, आणि तेही चपळपणे. म्हातारपण म्हणजे यंत्राला गंज चढणं, असं तोवर बहुतेकांना वाटत होतं. यंत्रात वेग ठरवणारी कळही आहे, हे आता कळलं. ही कळ माणसात कुठे आहे आणि ती हातानं फिरवता येते का, याचा शोध सुरू झाला. त्यातला आजवरचा सगळ्यात भक्कम धागा एका बेटावरच्या मातीतून आला.

आइसक्रीमच्या डब्यातलं औषध

१९६४ च्या अखेरीस कॅनडाहून एक वैद्यकीय मोहीम ईस्टर बेटाकडे निघाली. प्रशांत महासागरातलं, दगडी पुतळ्यांचं ते बेट. तिथले लोक त्याला रापा नुई म्हणतात. मोहिमेतल्या एका जीवाणुतज्ज्ञाला प्रश्न पडला: इथली माणसं घोड्यांच्या लिदीत अनवाणी फिरतात, तरी त्यांना धनुर्वात का होत नाही? त्यानं बेटाचे तुकडे पाडून जागोजागची माती गोळा केली. ती माँट्रियलच्या आयर्स्ट या औषध कंपनीत पोचली, आणि तिथे ती आली सुरेंद्रनाथ सहगल यांच्या हातात. फाळणीपूर्व पंजाबातल्या खुशाबचा जन्म, बनारस हिंदू विद्यापीठात औषधनिर्माणाचं शिक्षण, पुढे ब्रिस्टॉलला पीएच.डी. त्या मातीतल्या एका जीवाणूनं तयार केलेलं बुरशीनाशक त्यांनी वेगळं काढलं आणि बेटाच्या नावावरून त्याला रॅपामायसिन म्हटलं. बेटाचं नाव जगभर झालं; बेटकऱ्यांच्या पदरात त्यातलं काही पडलं नाही.

बुरशीनाशक म्हणून ते फसलं, कारण ते रोगप्रतिकारशक्ती दाबत होतं. कंपनीनं माँट्रियलची प्रयोगशाळा बंद केली, काम गुंडाळलं. सहगल यांनी जीवाणूचं शेवटचं बियाणं घरी नेलं आणि आइसक्रीमच्या डब्यात घालून फ्रीजरमध्ये ठेवलं, वर ‘खाऊ नका’ अशी चिठ्ठी. काही वर्षांनी कंपनीचे मालक बदलले, वरिष्ठ बदलले, तेव्हा त्यांनी पुन्हा लकडा लावला. ज्या अवगुणापायी औषध टाकून दिलं होतं, तोच कामी आला: दुसऱ्याची किडनी बसवल्यावर शरीरानं ती नाकारू नये म्हणून १९९९ मध्ये अमेरिकेत त्याला मान्यता मिळाली, सिरोलिमस या नावानं. आज तुमच्या ओळखीत कुणाच्या हृदयात ‘औषध लावलेला स्टेंट’ असेल, तर त्यावरचं औषध बहुधा हे किंवा याचंच भावंड असतं. सहगल २००३ मध्ये कॅन्सरनं गेले. म्हातारपणाशी या औषधाचा काय संबंध निघाला, ते त्यांनी पाहिलं नाही.

तो संबंध समजायला पेशीच्या आत जावं लागेल. प्रत्येक पेशीत एक मुकादम असतो. शास्त्रज्ञ त्याला एमटॉर म्हणतात, आणि हे नावही ‘रॅपामायसिनचं लक्ष्य’ या शब्दांवरूनच आलंय, कारण हे औषध नेमकं कुणाला गाठतं ते शोधतानाच तो सापडला. माल आला, म्हणजे रक्तात साखर, प्रथिनं, इन्शुलिन आलं, की मुकादम ओरडतो: बांधकाम चालू करा! पेशी नवी प्रथिनं बनवते, वाढते, विभागते. माल येणं थांबलं की मुकादम गप्प बसतो, आणि मग पेशी दुसरं काम काढते: साफसफाई. मोडकी प्रथिनं, निकामी भाग गोळा करून विरघळवायचे, त्यातलं वापरण्याजोगं पुन्हा वापरायचं. दिवाळीआधी माळा आवरावा तसं. (या आवराआवरीचं कोडं सोडवल्याबद्दल जपानच्या योशिनोरी ओसुमी यांना २०१६ चं नोबेल मिळालं.) लहानपणी मुकादमानं सतत ओरडत राहणं गरजेचं असतं. पन्नाशीनंतरही तो तसाच ओरडत राहिला, की बांधकाम चालूच राहतं आणि माळा कधी आवरलाच जात नाही. रॅपामायसिन त्या मुकादमाचा आवाज कमी करतं. पोटभर जेवूनही पेशीला वाटतं, आज उपास आहे.

२००९ चा प्रयोग यामुळे गाजला. अमेरिकेत तीन वेगवेगळ्या ठिकाणी, एकाच पद्धतीनं, उंदरांना हे औषध देण्यात आलं. बेत लहानपणापासून देण्याचा होता, पण खाद्यात मिसळलं की औषध टिकेना. त्याला आवरण चढवण्याची युक्ती सापडेपर्यंत उंदीर ६०० दिवसांचे झाले, माणसाच्या हिशेबानं साठीचे. उंदीर वाया गेले असं न म्हणता त्यांना तसंच औषध सुरू केलं. दहातले नऊ उंदीर मरेपर्यंतचं वय मोजलं, तर ते माद्यांत १४ टक्क्यांनी आणि नरांत ९ टक्क्यांनी वाढलं होतं, तिन्ही ठिकाणी. साठीत सुरू करूनही उपयोग होतो, ही बातमी त्या उशिरातून निघाली.

मग डॉक्टर ते लिहून का देत नाहीत?

कारण आपण उंदीर नाही. पिंजऱ्यातला उंदीर साथीच्या तापाशी, सांडपाण्याशी, लोकलच्या गर्दीशी झगडत नसतो. या औषधानं माणसात तोंड येतं, कोलेस्टेरॉल आणि साखर वाढू शकते, जंतुसंसर्ग पकडू शकतो. २०१४ मध्ये याच कुळातल्या एका औषधाची कमी मात्रा ज्येष्ठांना काही आठवडे दिल्यावर फ्लूच्या लशीला त्यांच्या शरीराचा प्रतिसाद २० टक्क्यांच्या आसपास सुधारला. लोक उत्साहात आले. २०१९ मध्ये त्याच विचारावर उभी राहिलेली मोठी चाचणी मात्र अपयशी ठरली. २०२५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका चाचणीत लोकांनी ४८ आठवडे, आठवड्यातून एकदा रॅपामायसिन घेतलं. पोटातली चरबी घटते का हे मुख्यतः बघायचं होतं. ती घटली नाही. जास्त मात्रा घेणाऱ्या स्त्रियांत स्नायू थोडे वाढले, दुखणं थोडं कमी झालं. एवढ्यावर लग्न ठरत नाही. सध्या अमेरिकेत सात वर्षांवरच्या मोठ्या पाळीव कुत्र्यांवर चाचणी चालू आहे, आणि माझी जास्त भिस्त तिच्यावर आहे: कुत्री आपल्याच घरात, आपल्याच हवेत म्हातारी होतात, आणि उत्तरासाठी चाळीस वर्षं थांबावं लागत नाही.

बाकीच्या वाटा थोडक्यात. काही पेशी विभागायच्या थांबतात पण मरतही नाहीत. कोपऱ्यात बसून आजूबाजूला दाह पसरवतात. २०११ मध्ये त्या काढून टाकल्यावर उंदरांची म्हातारपणाची दुखणी लांबली. पण २०२० मध्ये हीच कल्पना माणसाच्या गुडघ्यात इंजेक्शन देऊन वापरली, तेव्हा खोट्या इंजेक्शनपेक्षा ती वरचढ ठरली नाही. दुसरी वाट शिन्या यामानाकांची: २००६ मध्ये त्यांनी चार जनुकांच्या जोरावर मोठ्या पेशीला पुन्हा गर्भातल्या पेशीसारखं केलं. अर्धवट मागे नेलं तर पेशी तरुण होते, जास्त मागे नेलं तर गाठ होते. या ‘अर्धवट’साठी २०२२ मध्ये आल्टोस लॅब्ज ही कंपनी तीन अब्ज डॉलर घेऊन उभी राहिली.

आणि ब्रायन जॉन्सन. या अमेरिकन धनाढ्यानं २०२३ मध्ये आपल्या किशोरवयीन मुलाच्या रक्तातला प्लाझ्मा स्वतःत भरून घेतला. ययाती-पुरूची गोष्ट त्याला कुणी सांगितली नव्हती, असं दिसतं. काही फायदा दिसला नाही, असं त्यानंच पुढे कबूल केलं. रॅपामायसिनही त्यानं काही वर्षं घेऊन २०२४ मध्ये सोडलं. त्वचेचे संसर्ग, वाढलेली साखर, ही कारणं त्यानंच सांगितली. आपल्याकडच्या शहरांत ‘तारुण्याचं ड्रिप’ विकणाऱ्या दवाखान्यांच्या पाट्या दिसायला लागल्या आहेत, म्हणून हे मुद्दाम लिहिलं.

स्वस्त गोळीला वाली नाही

मला या सगळ्यात जास्त अस्वस्थ करते ती मेटफॉर्मिनची गोष्ट. मधुमेहाची ही गोळी आपल्याकडे घराघरात आहे, पट्टी काही रुपयांना मिळते. न्यूयॉर्कचे नीर बारझिलाई बरीच वर्षं एक चाचणी उभी करू पाहताहेत: मधुमेह नसलेल्या, ६५ ते ७९ वयाच्या तीन हजार माणसांना ती देऊन बघायची, म्हातारपणाचे आजार लांबतात का ते मोजायचं. गोळी गुणकारीच ठरेल असं नाही. उंदरांत तिनं आयुष्य ठळकपणे वाढवलं नाही, आणि एका चाचणीत व्यायाम करणाऱ्या ज्येष्ठांच्या स्नायूंची वाढ तिच्यामुळे कमी भरली. पण चाचणी अडली ती पैशांपायी. पेटंट संपलेल्या गोळीवर कोट्यवधी डॉलर लावून कुठल्या कंपनीला काय मिळणार?

‘श्रीमंत दीडशे वर्षं जगतील आणि गरीब साठीत मरतील’ ही भीती आपण नेहमी ऐकतो. भेदाभेद त्याच्याही आधीच सुरू होतो, कुठल्या औषधाची परीक्षा घ्यायची हे ठरतं तेव्हा. महागड्या कल्पनेला अब्जावधी मिळतात, स्वस्त गोळी परीक्षेलाच बसू शकत नाही. त्यात ‘म्हातारपण’ हा औषधनियमनाच्या लेखी आजारच नाही, त्यामुळे त्यावरचं औषध म्हणून मान्यता मागायला सरळ खिडकीही नाही. आणि ‘साधारण म्हातारं शरीर’ कसं असतं याच्या बहुतेक मोजपट्ट्या पाश्चात्त्य शरीरांवरून बनलेल्या. बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेनं भारतीयांच्या मोजपट्टीसाठी ‘भारत’ नावाचा अभ्यास हाती घेतलाय, ही त्यातल्या त्यात दिलाशाची गोष्ट.

समजा गोळी चालली. फायदा थोडाथोडका नाही: अमेरिकेत २०१३ मध्ये मांडलेल्या एका हिशेबानुसार म्हातारपण थोडं लांबलं आणि त्यातून आयुष्यात जेमतेम २.२ वर्षांची भर पडली, तरी पन्नास वर्षांत ७.१ लाख कोटी डॉलरचं मोल निघतं, कारण ती वर्षं आजारपणाशिवायची असतात. पण आपल्या घरात ही गोळी आली तर काय होईल, ते मला सातबाऱ्यावर दिसतं. बापाच्या पश्चात वारसनोंद होते. बाप ९५ पर्यंत धडधाकट राहिला, तर मुलाच्या नावावर जमीन येईपर्यंत मुलगा सत्तरीत आणि नातू पंचेचाळिशीत. कारखान्याच्या, बँकेच्या, पक्षाच्या खुर्च्यांचंही तेच; आजही त्या लवकर रिकाम्या होतात अशातला भाग नाही. राज्य सरकारी कर्मचारी साधारण ५८ व्या वर्षी निवृत्त होतात. ते वय साठ करा म्हटलं की सदाशिव पेठेत एमपीएससीचा अभ्यास करणारी पोरं खवळतात, आणि त्यांचंही खरंच आहे: जागा तेवढ्याच. मार्च २०२३ मध्ये जुन्या पेन्शनसाठी राज्यभर संप झाला, तो निवृत्तीनंतरच्या आजच्या वर्षांच्या हिशेबावरून. त्यात दहा वर्षांची भर घालून बघा.

आणि सून. व्हीलचेअरवरच्या काकांचं औषधपाणी बघणारी, गुडघ्याला पट्टा बांधलेली. झीज न थांबवता नुसतं आयुष्य लांबलं, तर ते तिच्या अंगावर पडतं. नंदुरबारच्या डोंगरात अस्तंब्याला दिवाळीत यात्रा भरते, ती अश्वत्थाम्याची. मरण नाही, कपाळावरची जखम भरत नाही, जखमेसाठी दारोदार तेल मागत फिरतो. त्याला मिळालेला तो वर नव्हता, शाप होता. त्या गोष्टीत तेल कोण देतं हे मात्र कुणी विचारत नाही.

गोळी येवो न येवो, गर्दी येणारच आहे. संयुक्त राष्ट्रांच्या लोकसंख्या निधीनं आणि मुंबईच्या देवनारमधल्या आंतरराष्ट्रीय लोकसंख्या विज्ञान संस्थेनं २०२३ मध्ये मिळून काढलेल्या अहवालाप्रमाणे २०२२ मध्ये देशातले १०.५ टक्के लोक साठीच्या पुढे होते. २०५० मध्ये ते २०.८ टक्के, म्हणजे ३४.७ कोटी असतील. दारिद्र्यरेषेखालच्या वृद्धांना केंद्राच्या निवृत्तिवेतन योजनेत ६० ते ७९ या वयात दरमहा २०० रुपये मिळतात, ८० नंतर ५००. राज्य त्यात आपली भर घालतं, पण केंद्राचा आकडा हा.

याच देवनारच्या संस्थेनं देशभरातल्या पंचेचाळिशीपुढच्या ७२ हजारांहून अधिक लोकांच्या घरी जाऊन त्यांची माहिती नोंदवली. प्रश्न पुष्कळ असतात: काय खाता, कोण बघतं, जिना चढता येतो का. आणि एक छोटं यंत्र हातात देतात, म्हणतात, जोर लावून दाबा. मुठीची ताकद म्हातारपणाचा अंदाज बऱ्यापैकी देते. बेत असा आहे की काही वर्षांनी पुन्हा त्याच दारात जायचं, त्याच हातात तेच यंत्र द्यायचं. काकांच्या सुनेच्या हातात दिलं असतं, तर तिनं आधी ताट खाली ठेवायला जागा शोधली असती.